पाणी आण गं

पिक्चरमधल्या पोरीनं बेकरीवाल्याच्या मफलरला हात घातला, तसे बापूसाहेब खाकरले.

"सुवर्णा, पाणी आण गं."

दाराशी मेथी निवडत बसलेली सून उठली. टीव्हीत दोन तोंडं जवळ आली की सासऱ्याला तहान लागते, हे तिला लग्न होऊन आल्यापासून पाठ झालं होतं. तांब्या भरून येईपर्यंत तिकडचं उरकलेलं असायचं. आज मात्र बेकरीवाल्याची लहान पोर मधेच धावत आली, दोघं लांब झाली आणि बापूसाहेबांना विनाकारण तांब्याभर पाणी प्यावं लागलं.

"काय बोगस पिक्चर हाय," ते मिशा पुसत म्हणाले. "ढीगभर बर्फ पडतोय आन् कुणाच्या तोंडातनं वाफ न्हाई. बेकरीत गिऱ्हाईक न्हाई. शेवट तर पयल्या जाहिरातीलाच कळला."

खोटं नव्हतं ते. रिमोट मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या बायकोला, सिंधूबाईंनाही, ते पटत होतं. नाताळचा पिक्चर, मराठीत डब केलेला. ओठ एक बोलत होते आणि ऐकू भलतंच येत होतं. शहरातली पोरगी तीन दिवसांसाठी त्या गावाला येते काय आणि चौथ्या दिवशी चांगल्या नोकरीवर पाणी सोडते काय! ते तर त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. स्थळ ठरवायचं तर तीन दिवस आपल्याकडे नुसते चहाला लागतात. पण त्यातल्या एका म्हातारीवरून त्यांची नजर हलत नव्हती. बेकरीवाल्याची बायको वारलेली, आणि ही तिची आई. ती त्या नव्या पोरीला आपल्या हातानं केक भरवत होती. मधेच डोळे पुसत होती आणि पुन्हा भरवत होती.

"एवढी एक म्हातारी बाकी खरी दाखवलीय," सिंधूबाई म्हणाल्या.

"तिचं काय जातंय? बाप्या गडी हाय, पोर लहान. त्याला कुणीतरी लागंलच की."

"आन् बाईला?"

मेथीवरचे हात थांबले. खुटबावच्या मल्हारचं स्थळ सुवर्णासाठी सांगून आलं होतं. फुलशेती करणारा माणूस, बायको गेलेली, पदरात एक मुलगी. सुवर्णानं अजून तिशीही गाठली नव्हती. "माझी ना न्हाई, आत्या," एवढंच ती सासूला म्हणाली होती, पण डोळ्याला डोळा देऊन म्हणाली होती. मल्हारचा मामा मच्छिंद्र आज संध्याकाळी उत्तर न्यायला इथं वडगाव रासाईत येणार होता, आणि बापूसाहेबांनी नकार तयार ठेवला होता.

"घरातली सून आपल्या हातानं दुसऱ्याच्या घरी धाडायची?" ते म्हणाले. "सोसायटीत मी तोंड कसं दाखवू?"

"जसं रोज दाखवताय तसं."

बापूसाहेबांचा आवाज खाली आला. "ती गेली म्हंजी गोकुळचं काय राह्यलं आपल्याजवळ?"

सुवर्णानं मान आणखी खाली घातली. गेलेल्या लेकाचं नाव या घरात मोठ्यानं कुणी घेत नसे.

"गोकुळ माझ्या पोटचा व्हता," त्या म्हणाल्या. "त्याची आठवण ठिवायला मी हाय. त्यापायी हिला डांबून ठिवायची न्हाई. मच्छिंद्रला मी हो सांगणार हाय."

"मी न्हाई म्हनलोय."

"ऐकलंय मी."

टीव्हीत घंटा वाजायला लागल्या. चौकातलं झाड दिव्यांनी उजळलं, सगळं गाव गोळा झालं आणि बेकरीवाला त्या पोरीसमोर येऊन उभा राहिला. बर्फ पुन्हा भुरभुरू लागला. तोंडं जवळ आली.

बापूसाहेब खाकरले. "सुवर्णा, पाणी आण गं."

सुवर्णा अर्धी उठली. सिंधूबाईंनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं, अगदी आपल्या शेजारी.

"बस. शेवट बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आवाज वाढवला.

बापूसाहेबांना तिथं बसवेना. कधी आढ्याकडं, कधी चपलांकडं बघून झालं, पण पिक्चरमधली दोघं काही लांब व्हायचं नाव घेईनात. शेवटी ते स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेले. फळीवरचे डबे सरकले, काहीतरी खाली पडून गडगडत गेलं.

"तांब्या कुठं ठिवलाय?" आतून आवाज आला.

सुवर्णानं तोंड उघडलं. सिंधूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हुडका," टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आतापासनं सवय करा."