तापलेलं पाणी

वसरामच्या हातातला पितळी टाळ बाबूसिंगच्या कपाळावर बसला आणि काल्याचं कीर्तन जागच्या जागी थांबलं.

मृदंग गप्प झाला. गजरासाठी वर गेलेला बुवांचा हात वरच राहिला. बाबूसिंग मांडवाच्या खांबाला टेकला आणि घसरत खाली बसला. भुवईवरून रक्ताची धार लागली, पण ती पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. कळमनुरीला एसटीतून उतरून तो तडक तांड्यावर, तडक मांडवात आला होता. वसरामपुढं उभं राहून तो इतकंच बोलला होता की, तुमच्या पोराला, रणजीतला लाटेनं नेलं, तीन दिवस शोधलं, सापडला नाही.

होळी झाल्यावर मुकादम बाबूसिंग तांड्यावरची अकरा पोरं घेऊन दक्षिणेकडच्या एका बेटावर गेला होता. तिथं बोटींसाठी धक्का बांधायचं काम होतं. तांड्यानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. जो काही कळला तो रणजीतच्या फोनवरून. कामावरच्या फळ्यावर रोज सकाळी पाण्याचं तापमान, वारा आणि लाटांची उंची लिहीत. रणजीत ते बायकोला सांगे, पुजा ते सासऱ्याला सांगे. आधी अठ्ठावीस, मग एकोणतीस, मग तीस. वसरामला हसू यायचं. इथं रानात पारा त्रेचाळीसवर गेलेला, मातीवर पाय ठरत नव्हता. तीस म्हणजे आपली माघातली दुपार, पोरगं पाण्यात काकडत असंल, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा.

बेटावरच्या कोळ्यांना मात्र त्या आकड्यांनी झोप येत नव्हती. समुद्राला ताप चढला की वारा त्या तापावर पोसतो, हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक. एका सकाळी त्यांनी नावा वाळूवर ओढल्या आणि नारळांच्या बुंध्यांना बांधून टाकल्या. ते पाहून पोरं बिथरली. दहा जणांनी दुपारची बोट धरली. रणजीत राहिला, आणि तो राहिला म्हणून मुकादमही राहिला. संध्याकाळी वादळ आलं. पत्रे उडाले, नारळ मुळासकट आडवे झाले, धक्क्यावरची क्रेन पाण्यात गेली.

ते दहा जण तांड्यावर पोचले तेव्हा सप्ताह निम्म्यावर आला होता. रणजीत काहून मागं राहिला, ते त्यांच्यातल्या एकालाही सांगता येईना. कामाच्या लोभानं मुकादमानंच ठेवून घेतला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. बेटावर फोन लागत नव्हता. वसराम डोळे मिटून टाळ वाजवत राहिला, इतक्या जोरानं, की शेजारचा टाळकरी सरकून बसला.

आता ज्याची वाट पाहत होते तो माणूस समोर बसला होता. तांड्याचा नाईक नरसिंग पुढं आला. पोरगं तू ठेवलंस का, एवढंच त्यानं विचारलं.

बाबूसिंगनं एकदा वसरामकडं पाहिलं.

"व्हय नाईक. मीच ठेवलं."

मग कुणाला आवरणं शक्य राहिलं नाही. वसरामनं मांडवाचा बांबू उपसला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा पाठीत. हाड मोडल्याचा आवाज बायकांच्या बाजूपर्यंत गेला. नारदाच्या गादीवरून उतरून बुवा मध्ये पडले, तर बांबू त्यांच्या मनगटावर आला. काल्याची हंडी लाथेनं फुटली. दही आणि लाह्या मातीत कालवल्या गेल्या, आणि त्यात रक्त. पुजा बायकांतून उठून आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"हाणा मामा," ती सासऱ्याला म्हणाली. "जित्ता नका सोडू त्याला."

वसरामनं बांबू डोक्यावर नेला. बाबूसिंग पळाला नाही. एका हातावर सरपटत पुढं आला आणि त्यानं वसरामच्या पावलांवर डोकं ठेवलं.

या मांडवाची एक रीत आहे. काल्याच्या दिवशी लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, आणि कुणी पाया पडलं की नमस्कार घेणाऱ्यानंही वाकायचं असतं. समोर सावकार असो की वैरी, तो वाकला की आपणही वाकायचं. तीस वर्षं वसराम असाच वाकत आला होता. हातात उगारलेला बांबू होता, मनात खून होता, तरी पाठ आपोआप वाकली. हात बाबूसिंगच्या पायांकडं गेले. दोघांची डोकी जवळ आली.

"दादा," बाबूसिंग कुजबुजला, "तुमच्या फोनचं मी कुणाला सांगणार न्हाई. पुजाला तर न्हाईच."

वसराम तसाच वाकून राहिला. मारताना तो फोन आठवला की त्याचा हात अधिकच जोरात पडत होता. लोकांना वाटलं, म्हातारा आता कोसळला. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो हळूहळू सरळ झाला. बांबू त्यानं पुजापुढं धरला. ती मागं सरली, तरी तो धरूनच राहिला.

"हे घे. आणि त्याला न्हाई, मला हाण. त्या दिवशी रणजीतनं रानात मला फोन केला व्हता. म्हणला, बापू, पाणी एकतीसवर गेलंय, कोळी नावा ओढून राहिले, समदे निघाले, मी येऊ का?" त्यानं बांबू आणखी पुढं केला. "मी म्हणलो, एकतीसला भिणारं पोरगं माझं न्हाई."