वगळलेलं फोल्डर

कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि निफाडच्या कोल्ड स्टोरेजचे मालक सावळीरामनाना यांनी द्राक्षांचं पहिलं क्रेट मोठ्या हौसेनं काट्यावर ठेवलं. काटा वायरनं कॉम्प्युटरला जोडलेला होता. काट्यावर वजन दिसलं. स्क्रीनवर शून्य.

"काट्याला दिसतंय, तुमच्या डब्याला का नाय दिसत?" नाना म्हणाले.

नाशिकहून हे सॉफ्टवेअर घेऊन आलेल्या हर्षलसरांनी वायर काढून परत खोचली. शून्यच. मग त्यांनी ऑफिसातून बरोबर आलेल्या दिशाकडे असं पाहिलं, जणू ते शून्य तिनंच सोबत आणलं होतं.

दिशाला कारण ठाऊक होतं. सॉफ्टवेअर म्हणजे शेकडो फायली. त्यातल्या कोणत्या सीडीवर घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या, हे ती आधी कॉम्प्युटरला लिहून द्यायची. गेल्या महिन्यात तिच्यासोबत काम करणारा कुंदन नोकरी सोडून पुण्याला गेला आणि सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याच्या नावाचं फोल्डर वगळ. त्यानं लिहिलेली एक ओळ गिऱ्हाइकाकडे जाता कामा नये." काट्यावरचं वजन घ्यायचं काम त्याच फोल्डरमध्ये आहे, हे तिनं परोपरीनं सांगून पाहिलं. सरांनी उलट नाशिकच्या द्वारका भागातल्या ऑफिसात नवी सीडी चालवून दाखवली. तिथं चालणारच होती. तिथल्या कॉम्प्युटरवर कुंदनचं फोल्डर जागच्या जागी होतं.

बाहेर द्राक्षांचे ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. नानांनी जुनं पावतीपुस्तक पुन्हा हाताशी ओढलं. हे गिऱ्हाईक गेलं तर ऑफिसला टाळं लागणार आणि दिशाची नोकरीही त्यातच जाणार. तरी क्षणभर तिला बरं वाटलं. सरांची चांगली जिरली, असं वाटलं.

मग तिनं पर्समधून दुसरी सीडी काढली.

"सर, ह्यात काहीच वगळलेलं नाही. कुंदनचं फोल्डरसुद्धा आहे. लावू?"

तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं होतं. सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होते.

"लाव."

क्रेट पुन्हा काट्यावर आलं. स्क्रीनवर वजन उमटलं. नाना खूश झाले.

"हे कुंदन कोण? त्यांना नाय आणलं? नारळ त्यांच्याच हातनं फोडला असता की."

"होता एक मुलगा," सर म्हणाले. नाना ट्रॅक्टरकडे वळल्यावर त्यांनी खुर्ची दिशाजवळ सरकवली आणि आवाज खाली आणला. "ऑफिसात गेल्यावर त्या फोल्डरला माझं नाव दे."

"तुमच्या नावाचं वेगळं फोल्डर आहे की, सर, पहिल्यापासून," पुढच्या क्रेटचं वजन घेता घेता दिशा म्हणाली. "पण सीडी करताना रिकामी फोल्डरं आपोआप गळतात."