ओळीवर बोट

ते साल एकोणीसशे एकसष्ट. शुक्रवारचा शेवटचा तास. शाळेच्या ग्रंथालयात ऊन लांबट टेबलांवर आडवं झालं होतं, आणि जाडजूड कोशांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं पेंगुळल्यासारखी दिसत होती.

ग्रंथपालबाईंना मुलं सूचीबाई म्हणत. हत्ती किती जगतो विचारा, नाहीतर काच कशाची करतात ते विचारा, त्यांचं एकच, "आधी सूची, मग पान." उत्तर सापडलं तरी लगेच बोलायचं नाही. ओळीवर बोट ठेवायचं, मग तोंड उघडायचं. बोटाशिवाय सांगितलेली गोष्ट त्यांच्या लेखी थाप.

"मग ही रोज थापाच मारते," वकील म्हणाला. हे त्याचं वर्गातलं नाव. कुणाचं काही म्हणून चालवून घ्यायचा नाही. "म्हणे, ही रात्री आठला चंद्र बघते, आणि तिचे बाबापण तेव्हाच तोच चंद्र बघतात."

"बघतातच!" खारूताई म्हणाली. उंच कपाटाची शिडी तिच्या हक्काची, म्हणून ती खारूताई.

तिचे बाबा समुद्रापलीकडच्या एका बंदरात क्रेन चालवायला गेले होते. निघताना दोघांचं ठरलं होतं: आठ वाजता तू बघ, मीही बघतो. तेव्हापासून ताटावरून अर्धवट उठून ती गच्चीत पळे. चंद्र नसला, तर तो जिथे असायला हवा तिथे बघे.

"तेव्हा तिथे दिवस असतो, बावळट."

"तू बघून आलास वाटतं?"

"भांडू नका," सूचीबाई सवयीने म्हणाल्या. "पुस्तकाला विचारा."

बोलून गेल्या, आणि पुस्तक वकिलाचीच बाजू घेणार हे मग त्यांच्या लक्षात आलं. पण खारूताई शिडीवर चढलीसुद्धा होती. मोठा नकाशासंग्रह छातीशी धरून ती उतरली. शिकवल्याप्रमाणे तो शेवटून उघडला. सूचीत बंदराचं नाव मिळालं, त्यावरून पान मिळालं. नावाशेजारी एवढासा नांगर काढला होता. तो तिने जरा वेळ पाहिला. मग देशोदेशींच्या वेळांचं कोष्टक काढलं. एक बोट आपल्या ओळीवर, दुसरं बाबांच्या.

आता घंटा व्हावी, असं सूचीबाईंना वाटलं. घंटा काही झाली नाही.

बोटं सरकत सरकत थांबली. नियमाप्रमाणे आता बोलायचं होतं. तिने बोटं मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सांग ना," वकील म्हणाला. पण त्याचाही आवाज उतरला होता.

"आपले रात्रीचे आठ म्हणजे बाबांची सकाळ." बोटं तिने उचलली नाहीत. "बाई, मग इतके दिवस मी कुणाबरोबर बघत होते?"

सूचीबाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. समजूत घालणं त्यांना कधी जमलं नाही. शोधणं तेवढं जमे.

"बाबांचे रात्रीचे आठ होतात, तेव्हा आपल्याकडे किती वाजतात?"

"सकाळचे साडेसहा."

"तेव्हा तू काय करतेस?"

"दात घासते."

वकील फिस्सकन हसला आणि त्याने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे ते बघतच असणार. तू नळाशी असतेस, एवढंच," सूचीबाई म्हणाल्या. "अगं, प्रश्न चुकलाय. घड्याळात किती वाजलेत ते राहू दे. दोघांना एकदम चंद्र कधी दिसेल, ते विचार. खालच्या फळीवर चंद्राच्या उगवण्या-मावळण्याचं पुस्तक आहे बघ..."

पुस्तक आणायला वकीलच धावला.

घंटा कधी झाली ते कळलंही नाही. मुलं गेली. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं, तिथून भिंतीवर चढलं. ती तिघं एका पानावर वाकून होती, दोन पुस्तकं उघडी ठेवून. शेवटी एका ओळीवर तीन बोटं आली. एक शाईने माखलेलं, एक नख कुरतडलेलं, एक सुरकुतलेलं.

"बोलू?" खारूताईने विचारलं.

"बोल."

"पौर्णिमेच्या आसपास. आपल्याकडे पहाटे तो मावळायला टेकतो ना, तेव्हा तिथे संध्याकाळ झालेली असते आणि तो नुकताच वर आलेला असतो." तिने श्वास घेतला. "आपल्याकडून निघालेला, त्यांच्याकडे पोचलेला. एकच."

तिने बाबांना सगळं लिहून कळवलं, नियमासकट. उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्यात एवढंच होतं: 'इथे गोदामं आड येतात, म्हणून क्रेनवर चढून बघतो. बोट ठेवलं.'

बाबा दोन वर्षांसाठी गेले होते, ते पाच वर्षांनी परतले. वकील वकील झालाच नाही. रेल्वेची वेळापत्रकं छापणाऱ्या छापखान्यात तो ओळीवर बोट ठेवून प्रुफं तपासत राहिला. सूचीबाईंची नजर पुढे पार गेली. जुनी मुलं जाऊन त्यांना वाचून दाखवत, आणि त्या मध्येच विचारत, "बोट ठेवलंयस ना रे?" खारूताई लग्न होऊन लांब गेली, बाबांच्या बंदराहूनही लांब.

तिच्या आईने मात्र स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीची काच शेवटपर्यंत कुणाला पुसू दिली नाही. चंद्र मावळायची जागा वर्षभर सरकत असते. काचेवर या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, लहान बोटाचे ठसे ओळीने उमटलेले होते.