मोघेबाईंचा गुलमोहर

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गुंजाळ पहिल्यांदाच टेकडी चढत होते. हातात पाण्याचा कॅन होता, पण मनात आशा नव्हती. अख्ख्या उन्हाळ्यात आपल्या बहाव्याला कुणी थेंबभर पाणी घातलं नसणार. टेकडीवर झाडं लावणाऱ्या मंडळींचा रिवाजच होता, ज्यानं रोप लावलं त्यानंच ते जगवायचं.

शेजारच्या खड्ड्यात मोघेबाईंनी गुलमोहर लावला, तेव्हा गुंजाळ चारचौघांत त्यांच्यावर कडाडले होते. "परदेशी झाडं लावून टेकडीचं वाटोळं करताय!" तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

वर पोचले आणि ते बघतच राहिले. बहावा त्यांच्या खांद्याइतका वाढला होता, पानं तजेलदार, आळं ओलं. शेजारी गुलमोहराची मात्र नुसती वाळकी काठी उभी होती.

मोघेबाई रिकामा कॅन घेऊन उतरायच्या बेतात होत्या.

"तुम्ही घातलंत पाणी? आणि तुमचं झाड?"

"एकच कॅन झेपतो हो मला आता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आधी इथल्या मातीतलं झाड जगू दे. तुमचंच म्हणणं ना ते?"

दुखरा गुडघा सांभाळत गुंजाळ गुलमोहरापाशी वाकले आणि नखानं त्याची साल खरवडली. आत बारीकशी हिरवी रेघ होती.

"अहो मोघेबाई, जिवंत आहे हा!" ते ओरडले, आणि आपला अख्खा कॅन त्यांनी त्या परदेशी झाडाच्या मुळाशी रिता केला.