कुसळ

टॅन्सी कुत्रीच्या गळ्यावरची गाठ बघून बाबांनी चाकू उघडला. "कुसळ घुसलंय. या गवतात दरवर्षी एखाद्या कुत्र्याचा गळा सुजतो. चीर दिली की झालं." मेंढ्यांची लोकर कातरणारे गडी थांबून बघू लागले. मी गाठ चाचपली. "बाबा, कुसळाची गाठ ऊन लागते, दुखते. ही गार, टणक आहे, आणि टॅन्सी कळवळतसुद्धा नाही. हिचा आवाज का बसलाय?" "धुळीनं." "गाठीनं. मला थायरॉइडचा कॅन्सर वाटतोय. चाकू लावलात तर रक्त थांबणार नाही. डबो शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात सुईनं तपासू, स्कॅन करू." "जनावरांची डॉक्टर झालीस म्हणून बापाला शिकवतेस?" "हो." बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग टॅन्सीच्या गळ्यात रुतलेला पट्टा त्याच चाकूनं कापून टाकला आणि गड्यांना म्हणाले, "आजची कातरणी बंद!" आजोबा वारले त्या दिवशीही कातरणी थांबली नव्हती.