मांडीची खुर्ची

कुडाळच्या भिकाजी मेस्त्रींचा हात थरथरायला लागला, तेव्हा फर्निचरचे आराखडे काढायला सॉफ्टवेअर घेणं आलंच. आज तीन सॉफ्टवेअर्स दुकानात चाचणीला आली होती. ती कागदावर काही काढत नसत. हवेत उजेडाची खुर्ची उभी करत आणि तिच्यावर खरोखर बसता येई.

बसायला मेस्त्रींनी बायकोला बोलावलं. रत्नप्रभाबाई पाहुण्यांकडे गेल्यासारख्या ताठ बसल्या. पहिल्या खुर्चीत त्यांचे पाय लोंबकळले. दुसऱ्या सॉफ्टवेअरने पायांखाली पाट दिला.

तिसऱ्याने नुसतं उजेडाचं स्टूल दिलं आणि विचारलं, "बाई, यंदा कोकमं कशी झाली?"

"कसली होतायत! माकडं ठेवतील तर ना!"

माकडांचा उद्धार करता करता बाईंनी एक पाय वर घेतला, मग दुसरा. खालचं स्टूल हळूहळू बुटकं झालं, रुंद झालं, दोन्ही गुडघ्यांना टेकू देत पसरलं.

मेस्त्री बघतच राहिले. चाळीस वर्षं ते खुर्च्या करत होते आणि चाळीस वर्षं ही जमिनीवर बसत होती.

"मला वाटायचं, तुला जमीनच आवडते!"

"तुमच्या खुर्च्यांत मांडी कुठे मावते?"

मेस्त्री खो खो हसले. "बरं, ऊठ आता. चाचणी संपली की विरून जाईल ही खुर्ची."

"मग आधी हे सॉफ्टवेअर विकत घ्या," बाई हलल्याच नाहीत, "आणि चहा इथेच आणा."