बलभीमच्या गाडीचे बुश

"हे नवे बुश. माझ्या डोळ्यांदेखत घालायचे. तवर म्या इथनं हलणार न्हाय."

बलभीमनं खोकं टेबलावर आदळलं. टेबलामागं अर्पिता बसली होती. कळंबच्या या गॅरेजात गिऱ्हाइकं, फोन आणि सुटे भाग ती बघायची. गाड्यांचं काम तिचा नवरा मल्लिकार्जुन करायचा.

"काका, आवाज खाली," ती म्हणाली. "काय झालं ते नीट सांगा."

"नीट सांगू?" बलभीम पन्नाशी ओलांडलेला, आसपासच्या गावांतला भाजीपाला बाजारात आणणारा माणूस. त्यानं दारात उभ्या केलेल्या जुन्या पिकअपकडं हात केला. "जानेवारीत तुझ्या नवऱ्यानं हिच्या पुढच्या चाकांचे रबरी बुश बदलले. चार म्हैने झाले न्हाईत. परवा शेळी आडवी आली म्हणून ब्रेक मारला, तर गाडी डाव्या अंगाला ओढली आन् थेट रस्त्याकडंच्या चारीत गेली. बायको शेजारी बसली होती. मनगटाची दोन हाडं मोडली तिच्या. आत स्टीलची पट्टी घातलीय डॉक्टरनं."

मल्लिकार्जुन एका जीपखालून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. हात पुसत तो एवढंच म्हणाला, "गाडी आत घ्या, काका. करून देतो. मजुरी नको."

अर्पिताचा पारा चढला. बलभीम गाडी आणायला वळताच तिनं नवऱ्याला बाजूला घेतलं. "मजुरी नको म्हणजे? चूक कबूल केल्यासारखं होतंय ते."

"जाऊ दे. त्यांच्या घरात दुखणं हाय."

हेच तिला आवडायचं नाही. कुणीही यावं, तोंडाला येईल ते बोलावं, आणि यानं खाली मान घालून ऐकून घ्यावं.

पिकअप जॅकवर चढली. चाक निघालं. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म मल्लिकार्जुननं सोडवला आणि प्रेसमध्ये लावून त्यातला बुश दाबून काढला. तो अख्खा निघालाच नाही. लाकडासारखं कडक झालेलं रबर तुकड्या-तुकड्यांनी खाली पडलं.

बलभीमनं एक तुकडा उचलला. बोटानं दाबून पाहिला. मग तो ओरडलाच. "हे चार म्हैन्याचं रबर हाय? आँ? हे माझं जुनंच हाय! ह्यानं बदललंच न्हाय! फसवलं मला!"

बाकावर वाट बघत बसलेले जीपवाला आणि त्याच्याबरोबरचा माणूस उठून उभे राहिले. मल्लिकार्जुन दुसऱ्या आर्मचा बोल्ट सोडवत राहिला.

अर्पिता टेबलामागून बाहेर आली.

"काका, बास! ते बुश मी स्वतः आणलेत. बार्शीहून. एसटीत बसायला जागा नव्हती, खोकं छातीशी धरून उभी राहून आले मी. पोरगी तापानं फणफणली होती माझी त्या दिवशी. तिला शेजारणीकडं टाकून गेले, का तर बलभीमकाकांची गाडी अडलीय! आणि तुम्ही माझ्या दारात उभं राहून माझ्या नवऱ्याला चोर म्हणता?"

"म्या चोर न्हाय म्हणलो..."

"मग काय म्हणलात? सांगा की या दोघांना! मी सांगते रबर का फाटलं ते. मातीच्या रस्त्यानं, मावेल त्याच्या दुप्पट माल भरून गाडी पळवता तुम्ही. लोखंड टिकायचं नाही, रबर काय टिकतंय? त्या दिवशी किती भरला होता माल?"

बलभीम हातातला तुकडा चोळत राहिला.

"किती भरला होता?"

"कोबी हुता," तो म्हणाला. "जरा जादाच हुता."

"ऐकलं? बायकोचं मनगट तुम्ही मोडलंय, काका. यांनी नाही."

बलभीमच्या हातातला रबराचा तुकडा खाली पडला. त्याचा आवाज एकदम उतरला.

"ती म्हणत हुती, दोन खेपा करू. म्याच ऐकलं न्हाय." त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. "आता भाकर थापता येत न्हाय तिला. येणी घालता येत न्हाय. आन् म्या लोकांवर वरडत फिरतोय. चुकलं, पोरी."

"मला नका म्हणू. त्यांना म्हणा."

बलभीम मल्लिकार्जुनकडं वळला आणि त्यानं हात जोडले. वयानं वडिलांसारखा माणूस. मल्लिकार्जुननं मान वर केली नाही. "ऱ्हाऊ द्या, काका," तो पुटपुटला.

नवे बुश दाबून बसवले. आर्म चढले, चाकं लागली. मल्लिकार्जुननं गाडी जॅकवरून उतरवली आणि मगच बोल्ट शेवटचे आवळले. "हवेत आवळले तर रबर पीळ खातं आन् लवकर फाटतं," त्यानं बलभीमला समजावलं. मग स्वतः गाडी काढून दोन वेळा जोरात ब्रेक मारून दाखवला. गाडी सरळ रेषेत थांबली.

बलभीमनं पुन्हा एकदा हात जोडले आणि तो निघून गेला. जीपवालाही गेला.

अर्पिताचा राग निवला नव्हता. उलट आता त्याला नवी वाट सापडली होती. तिनं मोबाईल उचलला.

"कुणाला लावतीस?" मल्लिकार्जुननं विचारलं.

"बार्शीच्या त्या दुकानदाराला. काकांनी कितीही माल भरू दे, चार महिन्यांत रबराचा असा भुगा होत नाही. डुप्लिकेट माल गळ्यात मारला त्यानं माझ्या. आज त्याला सोडत नाही मी."

पलीकडं रिंग वाजायला लागली. मल्लिकार्जुननं तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"त्याला काय बोलू नकोस," तो म्हणाला. "माल एक नंबर होता. गुंडाप्पा त्या दिवशी त्याची असलीच पिकअप घेऊन आला होता, घाई करत होता, म्हणून काकांचे बुश तिच्यात घातले म्या. अजून जसेच्या तसे हायेत."